जुन्या लाकडी कोठाराच्या दुरुस्तीत शाळेच्या मुलांना कुठलं काम द्यावं?

नवी मुंबईत ऐरोलीजवळच्या एका शाळेतल्या बाईंचा प्रश्न थोडक्यात असा आहे. शाळेला लागून गावठाण आहे आणि तिथे एका आगरी कुटुंबाचं भाताचं जुनं कोठार उभं आहे. सागाचे खांब, कुडाच्या (काड्यांवर माती लिंपलेल्या) भिंती, आत माळा, वर मंगलोरी कौलं. घरातले म्हणतात, पणजोबांनी बांधलं. शेती गेली, कोठार राहिलं. कुटुंब ते शाळेला वापरायला द्यायला तयार आहे. आठवी-नववीच्या चाळीसेक मुलांनी श्रमदानातून ते पावसाळ्याआधी दुरुस्त करावं आणि जूनपासून तिथे गावातल्या जुन्या वस्तूंचं छोटं दालन सुरू करावं, असं बाईंच्या मनात आहे. मुलांना कुठली कामं द्यावीत आणि कुठली देऊ नयेत, हे त्यांनी विचारलंय.

बाई, मी बावीस वर्षं ठाणे जिल्ह्यात आणि पनवेल-उरणच्या पट्ट्यात जुन्या लाकडी घरांची दुरुस्ती करतो. त्यातल्या तीन कामांवर शाळेची मुलं होती. दोन कामं मनासारखी झाली, एक आम्हाला मध्येच थांबवावं लागलं. तुमचा बेत मला मनापासून आवडला. तरी कामांची यादी देण्याआधी तुमच्या प्रश्नातल्या एका शब्दाबद्दल बोलायला हवं. तो शब्द आहे ‘पावसाळ्याआधी’.

आज जानेवारी संपत आलाय. मार्च-एप्रिल परीक्षांचे, मग सुट्टी. मुलांच्या हाती खरे शनिवार मोजून सात-आठ येतील. इमारतीला मात्र मृगाच्या आत छप्पर झाकून हवं असतं आणि त्यात तिला सवलत चालत नाही. ही दोन वेळापत्रकं एकत्र बांधली की घाई होते, आणि लाकडाच्या इमारतीतले बहुतेक अपघात मी घाईतच पाहिलेत. म्हणून माझ्या मते खरा प्रश्न ‘मुलांना काय द्यावं’ हा नाही. कोठार मुलांसाठी थांबू शकेल का, हा आहे. थांबू शकतं. फक्त हे दोन हंगामांचं काम आहे असं आजच ठरवावं लागेल. यंदा मोठ्या माणसांनी ते कोरडं आणि सुरक्षित करायचं, मुलांनी त्याचा अभ्यास करायचा. दिवाळीनंतर खरी दुरुस्ती सुरू करायची आणि त्यात मुलांचा हात लागू द्यायचा.

थांबवलेल्या कामाचं आधी सांगतो, म्हणजे मी इतका अडून का बसलोय ते कळेल. एका शाळेच्या आवारात असंच लाकडी सांगाड्याचं जुनं घर होतं. स्नेहसंमेलनाची तारीख ठरली होती आणि तोवर दर्शनी बाजू नवी दिसायला हवी होती. छपराच्या कामगारांनी रस्त्याकडच्या पाखाडीची, म्हणजे छपराच्या त्या उताराची, सगळी कौलं एका सकाळी उतरवली, मागची पाखाडी तशीच भरलेली. दुपारपर्यंत सांगाडा मागच्या बाजूला कलला आणि आढं (छपराच्या माथ्यावरचं आडवं लाकूड) चार बोटं सरकलं. त्या वेळी आत सहावीची मुलं केर काढत होती. कुणाला काही झालं नाही. मी त्या दिवशी दुसऱ्या साइटवर होतो. तेव्हापासून माझा नियम आहे: छपरावर हात पडणार त्या दिवशी आवारात एकही मूल नको, आणि मी स्वतः तिथे असलो पाहिजे.

असं का झालं ते समजून घ्या, कारण तुमच्या कोठारालाही तेच लागू आहे. कोठार वीस फूट बाय तीस फुटांचं धरलं, तर पागोळ्यांचा भाग आणि उतार मिळून छप्पर आठशे चौरस फुटांच्या आसपास जातं. शंभर चौरस फुटांना साधारण दीडशे मंगलोरी कौलं लागतात. म्हणजे बाराशे कौलं. एक कौल अडीच किलोचं धरलं तरी तीन टन वजन झालं. हे वजन दोन्ही पाखाड्यांवर सारखं असतं म्हणून सांगाडा तोल धरून उभा असतो. सांधे घट्ट बसण्यातही त्या वजनाचा वाटा असतो. कौलं उतरवायची तर दोन्ही बाजूंनी थोडी थोडी, ओळीओळीने.

दुसरी गोष्ट भिंतींची. कुडाची भिंत छपराचं ओझं घेत नाही, ते खांबांवरून खाली उतरतं. त्यामुळे ‘भिंती पाडून नव्या करू, त्यात काय धोका’ असं कुणीही म्हणेल. पण आपल्याकडच्या बऱ्याच साध्या सांगाड्यांत खांब आणि तुळई यांच्यामध्ये तिरके आधार नसतात. वाऱ्याने इमारत आडवी डोलू नये हे काम त्या ‘बिनकामाच्या’ भिंतीच करत असतात. चारही भिंती एकदम मोकळ्या केल्या तर उरतं ते टेबलाच्या सैल पायांसारखं काहीतरी. एका वेळी एकच भिंत घ्यायची आणि तीही आतून टेकू देऊन.

आता जे परिस्थितीवर अवलंबून आहे ते. मी कोठार पाहिलेलं नाही, त्यामुळे पुढचं सगळं चार गोष्टींवर ठरेल. खांबांचे पायथे कसे आहेत, मागे कुणी सिमेंटची दुरुस्ती केली आहे का, शेजारचं बांधकाम कोठाराला टेकलंय का, आणि मालकी कुणाची. शेवटची गोष्ट कोरडी वाटेल, पण गावठाणातली निम्मी कामं तिथेच अडतात. घर सामाईक असतं. एक भाऊ हो म्हणतो, दुसरा नेरुळला राहायला गेलेला असतो, बहिणींचं नाव उताऱ्यावर असतं आणि त्यांना कुणी विचारलेलंच नसतं. सगळ्या वारसांची लेखी संमती घ्या, आणि वापर किती वर्षांसाठी ते त्यात लिहा. मुलांनी दोन वर्षं राबून उभं केलेलं कोठार तिसऱ्या वर्षी बिल्डरला गेलं तर मुलांना काय सांगणार? महापालिकेत दुरुस्तीची परवानगी आणि कोठार जुन्या वास्तूंच्या हेरिटेज यादीत आहे का याची चौकशीही याच टप्प्यावर करून टाका.

पायथ्यांकडे येतो, कारण माझा सगळ्यात जास्त वेळ तिथे जातो. जुने सुतार खांब सहसा थेट मातीत रोवत नसत. खाली दगडाचं उथळं ठेवायचं आणि त्यावर खांब उभा करायचा. जमिनीची ओल दगडापाशी थांबते आणि लाकूड कोरडं राहतं. पुढच्या पिढ्यांनी ‘मजबुती’ म्हणून त्या पायथ्याभोवती सिमेंट-काँक्रीट ओतलं. लाकूड आणि सिमेंट यांच्यामध्ये बारीक फट राहतेच. त्यात पाणी शिरतं आणि बाहेर पडायला वाट नसते. लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या वर राहू लागला की बुरशीला जगायला पुरेसं होतं. बाहेरून खांब धडधाकट दिसतो आणि सिमेंटच्या कॉलरच्या आत भिजलेल्या बिस्किटासारखा झालेला असतो.

नवी मुंबईच्या गावठाणांत याच्या जोडीला आणखी एक दुखणं आहे. १९७०मध्ये सिडको, म्हणजे नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ, आली, शेतजमिनी गेल्या, गावांभोवती शहर उभं राहिलं. गावातल्या गल्ल्यांवर दर काही वर्षांनी काँक्रीटचा नवा थर चढत गेला आणि जुनं फोडून काढायचे कष्ट कुणी घेतले नाहीत. जी कोठारं कधीकाळी दोन पायऱ्या चढून जायची होती, त्यांची जोती आता रस्त्याच्या बरोबरीला किंवा खाली आहेत. पावसाचं पाणी गल्लीतून थेट आत. म्हणून तुमच्या कोठाराची पहिली दुरुस्ती लाकडाची नसून गटाराची असणार, असा माझा अंदाज आहे. ते पाणी बाहेर वळवलं नाही तर नवा सागवान घातला तरी दहा वर्षांत तो त्याच वाटेने जाईल.

उथळ्याची युक्ती फक्त आपली नाही, हे मुलांना जरूर दाखवा. लंडनच्या हीथ्रो विमानतळाशेजारी हार्मंड्सवर्थ नावाचं गाव आहे. तिथे १४२६-२७मध्ये बांधलेलं ओकच्या लाकडाचं प्रचंड धान्यकोठार आजही उभं आहे. त्याचेही खांब दगडांवर ठेवलेत. शेती हटली, शेजारी विमानं उतरू लागली आणि कोठार राहिलं. तुमच्या मुलांच्या डोक्यावरूनही आता नव्या विमानतळाची विमानं जाऊ लागली आहेत, त्यांना हे साम्य लगेच भिडेल. इंग्लंडमधल्या अशा सांगाड्यांवर सुतारांनी कोरलेल्या खुणाही सापडतात. लाकडं जमिनीवर घडवायची, प्रत्येक सांध्याला खूण करायची आणि मग उभारताना खूण जुळवत जायचं. आपल्या मिस्त्रींच्याही अशा खुणा असतात. तुमच्या कोठारात त्या शोधायचं काम मी मुलांनाच देईन.

म्हणजे आता कामांची गोष्ट. यंदा जूनपर्यंत मोठ्यांनी करायचं ते एवढंच: लाकडी इमारतींचा अनुभव असलेल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासणी, कमकुवत खांबांना टेकू, कौलं चाळणं (काढून, साफ करून पुन्हा नीट बसवणं), फुटलेली बदलणं, गटार काढणं. आगोटीला घर शाकारणारी माणसं गावात अजून असतात, त्यांनाच घ्या. कुठेही चमक आणायच्या मागे लागू नका.

त्याआधी साफसफाई. आणि हे कृपया मुलांकडून करून घेऊ नका, कारण नेमकं हेच काम सगळ्यांना मुलांसाठी सोपं वाटतं. हे धान्याचं कोठार आहे. पूर्वी भाताला कीड लागू नये म्हणून गॅमेक्सिन पावडर सर्रास टाकत. त्यातल्या बीएचसी या कीटकनाशकावर आपल्याकडे १९९७मध्ये बंदी आली, पण फळ्यांच्या फटींतली पावडर बंदी आली म्हणून निघून जात नाही. माळ्यावर उंदरांची घाण असते, वाघळांची असते. दारांना जुना ऑइल पेंट असतो. रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा आली ती नोव्हेंबर २०१७पासून, त्याआधीच्या रंगात किती शिसं आहे ते डोळ्यांना दिसत नाही. खांबांना वाळवी लागू नये म्हणून जळकं ऑइल फासलेलं असतं. या सगळ्यावर झाडू किंवा पॉलिश पेपर फिरवला की ते मुलांच्या छातीत जातं. अगदी पहिल्या कामावर मी स्वतः मुलांच्या हाती पॉलिश पेपर देऊन एक जुना दरवाजा घासून घेतला होता. आज मी तसं करणार नाही. मोठ्या माणसांनी चांगले मास्क लावून, पाणी शिंपडून, ओल्या फडक्याने स्वच्छता करावी. कुठे जुने सिमेंटचे पत्रे टाकलेले असतील तर ते अॅस्बेस्टॉसचे समजा. ते फोडू नका, कापू नका आणि मुलांना त्यांच्याजवळ जाऊ देऊ नका.

एक गोष्ट मात्र सफाईआधी मुलांनी पाहावी, बाहेरून. संध्याकाळी अंधार पडताना दोन-तीन दिवस कोठारासमोर शांत बसायचं आणि आत कोण जातं-येतं ते टिपायचं. गव्हाणी घुबड अशाच जागी राहतं, म्हणून तर त्याचं नाव तसं. घरटं असेल तर पिल्लं उडेपर्यंत त्या कोपऱ्याला हात लावायचा नाही. वन्यजीव कायद्याचं त्याला संरक्षण आहेच. शिवाय भातकोठारातले उंदीर खाऊन ज्याने पिढ्यान्‌पिढ्या राखण केली, त्याला आपण दुरुस्तीच्या नावाखाली कसं हाकलायचं?

इंजिनिअरने आत जायला हरकत नाही असं लिहून दिलं की मुलांचं खरं काम सुरू होतं. पहिलं काम मोजणी. टेप, ओळंबा, पाणसळ आणि आलेखाचा कागद एवढंच लागतं. प्रत्येक खांबाला नंबर द्यायचा, ओळंबा सोडून तो किती कललाय ते मोजायचं, उथळ्याचा दगड कसा आहे ते काढायचं. हे लुटुपुटुचं काम नाही. माझ्या एका साइटवर नववीच्या दोन मुलींनी सहा नंबरचा खांब पावणेदोन इंच बाहेर कललाय असं लिहिलं होतं आणि माझ्या स्वतःच्या नकाशात तो सरळ होता. मी पुन्हा मोजलं. मुली बरोबर होत्या. मग आम्ही टेकूंची जागा बदलली.

मग लाकडाचा हिशोब. सागाचं लाकूड घनफुटाला साधारण अठरा-एकोणीस किलो भरतं. आठ बाय सहा इंचांची पंधरा फुटी तुळई पाच घनफुटांची, म्हणजे नव्वद किलोंच्या वर. हे गणित मुलांनी एकदा स्वतः केलं की ‘आम्ही उचलतो ना सर’ हे वाक्य आपोआप बंद होतं. मी शंभर वेळा ओरडून जे होत नाही ते या एका गणिताने होतं.

लाकडं वाचायलाही शिकवा. एखाद्या तुळईत रिकामी खाच दिसली, जिच्यात काहीच बसलेलं नाही, तर ती तुळई बहुधा आधी दुसऱ्या घरात होती. चांगलं लाकूड कुणी टाकत नसे. सगळंच सागाचं असेल असंही नाही. वासे पुष्कळदा ऐनाचे, किंजळाचे निघतात. कौलांच्या पाठीवर कारखान्याचं नाव उठवलेलं असतं, त्यावरून कुठली कौलं कुठून आली ते कळतं. बासेल मिशनने मंगलोरला १८६५मध्ये कौलांचा कारखाना काढला, पुढे इतरही अनेक निघाले आणि कौलं गलबतांनी कोकण किनाऱ्याला येऊ लागली. फुटलेली कौलं जमिनीवर मांडून मुलांनी छाप गोळा करावेत. माझ्या अनुभवात एका छपरावर तीन-चार वेगवेगळे छाप सहज सापडतात, म्हणजे छप्पर किती वेळा डागडुजी झालंय त्याचा तो पुरावाच.

आणि घरातल्या आजींशी बोला. हे मी अगदी आग्रहाने सांगतो. कोठारात किती खंडी भात मावायचं, कणग्या कुठे असत, खाडीकाठच्या खारजमिनीतला राता भात कुठे ठेवत आणि बियाणं कुठे, पहिल्यांदा दार उघडताना काय करत. हे लाकडात सापडत नाही. एका कामात आम्हाला माळ्याच्या फळ्यांमध्ये मुद्दाम सोडलेल्या फटी दिसत होत्या आणि आम्ही त्या बुजवायला निघालो होतो. घरातल्या आजी म्हणाल्या, अरे, ती हवा यायला ठेवलीय, नाहीतर भात उबतं. आम्ही फटी तशाच ठेवल्या. तुमच्या दालनात ठेवायला जुन्या वस्तू लागतील, तशी ही बोलणी लागतील. मुलांनी ती आगरी बोलीत आहेत तशीच उतरवावीत, शाळेच्या पुस्तकी भाषेत सुधारून नव्हे.

पावसाळ्यात काम थांबतं तेव्हाही मुलांना एक काम आहे, आणि माझ्या मते ते सगळ्यात मोलाचं. लाकडात दोन टोचण्या खुपसून ओलावा दाखवणारं छोटं यंत्र मिळतं. दर शनिवारी दोन मुलांनी एका मोठ्या माणसासोबत जाऊन प्रत्येक खांबाचा पायथ्याचा आणि चार फुटांवरचा आकडा वहीत लिहायचा. ऑक्टोबरपर्यंत तुमच्याकडे अशी माहिती असेल जी सहसा कुठल्याही ठेकेदाराकडे नसते. कुठला खांब पावसात भिजतो, कुठला लवकर वाळतो, कुठला दसऱ्यापर्यंत ओलाच राहतो. गेल्या वेळी आम्ही अकरापैकी पाच खांब दुरुस्त करायचे ठरवले होते. मुलांच्या वहीनंतर तीनच केले. उरलेल्या दोघांना फक्त वरून गळत होतं.

दिवाळीनंतरची दुरुस्ती. नियम एकच: जेवढं कुजलं तेवढंच काढायचं. खांबाचा खालचा दीड फूट गेला असेल तर दीड फूट कापायचा, जुन्या सागाचा तुकडा घेऊन तिरक्या सांध्याने जोडायचा आणि उथळ्यावर पुन्हा बसवायचा. अख्खा खांब बदलणं सुताराला सोपं जातं, म्हणून तो तेच सुचवेल. त्याला आदराने पण ठाम नाही म्हणा. खांब जॅकवर उचलणं, कापणं, जोडणं, परांचीवर चढणं, विजेची हत्यारं, कळीचा चुना भिजवणं यांत मुलं नसावीत. बालकामगार कायदा १९८६चा, २०१६मध्ये तो आणखी कडक झाला. चौदा वर्षांखाली कामावर ठेवायला मनाई आणि अठरापर्यंत धोक्याच्या कामांना. शाळेचा उपक्रम म्हणजे नोकरी नव्हे, हे खरं. तरी धोक्याची रेघ आखताना मी हा कायदाच डोळ्यांसमोर ठेवतो. मुलांचे दोन्ही पाय कायम जमिनीवर, आणि डोक्यावर कुणी काम करत नसेल तेव्हाच.

मग त्यांनी हाताने काय करायचं? दोन गोष्टी, आणि दोन्ही खऱ्या.

एक, लाकडी मेखा. खांबाच्या टोकाला काढलेली जीभ, म्हणजे कुसू, तुळईच्या खाचेत बसते आणि आडव्या मेखेने सांधा पक्का होतो. ही मेख वीतभर लांब असते. ती जमिनीवर बसून, पाटावर ठेवून घडवता येते. लाकूड मिस्त्रींनी रेषेच्या दिशेने फोडून द्यायचं, मुलांनी ते तासून, घासून मापाचं करायचं. एका मिस्त्रीमागे पाचपेक्षा जास्त मुलं नकोत. आमच्याकडे साठेक मेखा झाल्या आणि मिस्त्रींनी एकेक हातात फिरवून बावीस घेतल्या. बाकीच्या नाकारल्या. शाळेतून निरोप आला की सगळ्यांच्या लावा, मुलं हिरमुसतील. मिस्त्री तयार झाले नाहीत आणि मी त्यांच्या बाजूने उभा राहिलो. सैल मेख म्हणजे सैल सांधा. ज्यांची मेख परत आली त्यातल्या बऱ्याच मुलांनी दुसरी केली, एकाने चौथी. त्याची चौथी मेख आज तुळईत आहे आणि ती नेमकी कुठली हे तो अजून येऊन बोट ठेवून दाखवतो.

दुसरं, कुडाची भिंत. जुना कूड कारवीचा असेल. कारवी आणायला येऊरच्या बाजूला राष्ट्रीय उद्यानात जाऊ नका, तिथली काडीही तोडणं गुन्हा आहे. चिरलेला बांबू विकत घ्या, तो छान चालतो. माती निवडण्यापासून काम मुलांचं. काचेच्या बाटलीत माती आणि पाणी घालून हलवायचं, रात्रभर ठेवायचं. सकाळी रेती खाली, गाळ मध्ये, चिकणमाती वर असे थर दिसतात. चिकणमाती जास्त असेल तर भिंत वाळताना तडकते, रेती जास्त असेल तर हाताला लागून गळते. वेगवेगळ्या प्रमाणांचे वीतभर नमुने करून उन्हात वाळवा आणि कुठला तडकत नाही ते मुलांनाच ठरवू द्या. मग पेंढा, भाताचं तूस, शेण घालून चिखल पायांनी तुडवायचा. तुडवण्याआधी मातीतून काचा-खिळे चाळून काढा, आणि धनुर्वाताची लस झाली आहे का ते पालकांना विचारा. ती दहाव्या आणि सोळाव्या वर्षी सरकारी वेळापत्रकात असते, पण पुष्कळांची राहून गेलेली असते. लिंपण कंबरेपासून खांद्यापर्यंतच्या उंचीत मुलांनी करावं, वरचं मोठ्यांनी. गावातल्या दोन बायका शिकवायला बोलवा आणि त्यांना मिस्त्रींइतकीच मजुरी द्या. हे ज्ञान आहे, फुकट मागू नका.

मजुरीचा विषय निघाला म्हणून सांगतो. श्रमदानाने खर्च वाचेल अशी संस्थाचालकांची समजूत असेल तर ती आधीच दूर करा. मुलं असली की काम हळू होतं, मिस्त्रींचा वेळ शिकवण्यात जातो, टेकू जास्त लागतात, एक जबाबदार माणूस फक्त लक्ष ठेवायला लागतो. हा खर्च दुरुस्तीचा धरू नका, शिक्षणाचा धरा. २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवस सांगितलेत, सुतार, कुंभार अशा कारागिरांकडे शिकण्यासाठी. तुमच्या आठवीला ते चपखल बसतात. मुख्याध्यापकांशी बोलताना हे कामाला येईल.

एकदम चाळीस मुलं नेऊ नका. दहा-दहांचे गट करा. एक गट साइटवर, बाकीचे वर्गात नकाशे, मुलाखती, कौलांचे छाप यांवर. गट दर शनिवारी बदलायचा. आणि नववीची मुलं पुढच्या वर्षी दहावीत जातील, तेव्हा त्यांना मोजणीत घ्या आणि दुरुस्तीसाठी आजची आठवी आणि सातवी धरा. वह्या एका तुकडीकडून दुसरीकडे जाऊ द्या.

तुमच्याकडून मला आता हवं ते एवढंच. येत्या रविवारी तुम्ही स्वतः जा, मुलांना नेऊ नका. दिवसाउजेडी प्रत्येक खांबाच्या पायथ्याचा फोटो काढा, शेजारी फूटपट्टी उभी धरून. सिमेंटची कॉलर असेल तर लाकूड आणि सिमेंट यांच्या फटीत जाडसर दाभण किंवा स्क्रूड्रायव्हर हलकेच खुपसून पाहा आणि किती आत जातो ते लिहा. अर्ध्या इंचाहून जास्त गेला तर त्या खांबाशी आणखी खटपट करू नका, बाहेर या. एक फोटो गल्लीतून असा काढा की रस्ता आणि जोतं दोन्ही दिसतील. हे पाठवलंत की टेकू कुठे लागतील ते मी कच्चं काढून देतो, पक्कं इंजिनिअर प्रत्यक्ष पाहून ठरवेल. तोवर माळ्यावर काही चढवू नका, आणि घरातल्यांनी आत लावलेली मोटरसायकल बाहेर काढायला सांगा.